डिस्कब्रेकवाल्या सायक्लोक्रॉससाठी दणकट चाकं कुठली घेऊ? (मागचे स्पोक तुटून वैताग आलाय)

चिखलमाखल्या (धागाकर्ता)
मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडला हरी म्हणून पहिला धागा काढतोय (गाढव कोण ते विचारू नका). माझं वजन ९४ किलो, सायकल डिस्कब्रेकची सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतल्या शर्यतीची), दोन्हीकडे थ्रू-ॲक्सल (हबमधून आरपार जाऊन आवळला जाणारा दांडा), पुढे १२x१०० आणि मागे १२x१४२ मिमी. चाकं सायकलसोबत आलेली तीच आहेत, दोन्हीकडे २४ स्पोक. सीझनमध्ये क्रॉस, बाकी वर्षभर रस्ता, कच्चा रस्ता, कधी मागे बॅग, म्हणजे सायकल एकच आणि कामं दहा. गेल्या आठ महिन्यांत मागच्या चाकाचे चार स्पोक गेले. दर वेळी बदलून, आऊट काढून (चाकाचा वाकडेपणा सरळ करून) घेतो आणि महिना दीड महिन्यात पुन्हा टण्ण. परवा तर रेसच्या दुसऱ्या लॅपला गेला, चाक फ्रेमला घासायला लागलं आणि उरलेला अर्धा लॅप सायकल खांद्यावर घेऊन पळालो. आता नवीन चाकं घ्यायचीच असं ठरवलंय. एक कार्बनचा हलका सेट डोळ्यात भरलाय, पण तोही २४ स्पोकचाच आहे. घेऊ का? की दुसरं काही?

गरगर_गरगर
९४ किलोवर पहिला उपाय चाकांचा नाही हो, ताटाचा आहे :) ह.घ्या. (हलकं घ्या)

चिखलमाखल्या
ह.घे.तलं. ताटाचा उपाय दर सोमवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो, म्हणून तर चाकांकडे वळलोय.

उतारावरचा_राजा
कार्बन डोळे झाकून घे. कार्बन रिम ॲल्युमिनियमपेक्षा ताठ असते, त्यामुळे भार थोड्याच स्पोकवर न पडता आजूबाजूच्या जास्त स्पोकवर पसरतो, हे खरं आहे, कुणीही वाद घालू नये. आणि डिस्कब्रेक असल्यावर ब्रेक लावून रिम तापण्याची पूर्वीची भीतीही राहिली नाही.

निपलचावी
वाद नाही घालत, पण आधी पेशंटला तपासूया. मालक, ते चार स्पोक नेमके कुठल्या बाजूचे आणि कुठे तुटले? डावीकडचे की उजवीकडचे, हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) जिथे वाकवलेला असतो तिथे, की मधे, की निपलच्या (रिमपाशी स्पोक आवळणाऱ्या छोट्या नटच्या) आट्यांपाशी? हे कळल्याशिवाय चाकं सुचवणं म्हणजे नाडी न बघता औषध.

चिखलमाखल्या
तुटके तुकडे डब्यात ठेवलेत (का ठेवले माहीत नाही, ठेवलेत). चारही मागच्या चाकाचे, चारही डावीकडचे म्हणजे रोटरच्या (ब्रेकच्या चकतीच्या) बाजूचे, आणि चारही हबपाशी वाकणावरच तुटलेत. म्हणजे ब्रेकमुळेच ना?

निपलचावी
वाटलंच होतं. ब्रेकमुळे हे अर्धसत्य आहे. जरा लांबड लावतो, चहा घेऊन बसा.

स्पोक जोर लागून ताडकन तुटतो असं आपल्याला वाटतं, पण चांगल्या स्पोकला ओढून तोडायला लागतो त्याच्या निम्माही जोर चाकात सहसा येत नाही. वाकणावर तुटलेला स्पोक म्हणजे थकवा, तार पुढेमागे वाकवत राहिलो की तुटते तसा. आता चाकात नेमकं काय होतं बघा. भार आला की जमिनीला टेकलेल्या भागातले दोन-चार स्पोक सैल होतात आणि वर गेले की परत ताणले जातात. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेरे आणि हजार किलोमीटरला प्रत्येक स्पोकची साडेचार लाखांहून जास्त वेळा उघडझाप. स्पोक मुळात घट्ट असेल तर ही उघडझाप त्याला सोसते. मुळातच ढिला असेल तर दर फेऱ्याला तो जवळजवळ मोकळा पडतो, वाकणावर हलतो, निपल आपोआप फिरून अजून ढिला होतो, मग शेजाऱ्यांवर भार, आणि एक दिवस टण्ण.

डावीकडचेच का? मागच्या हबला उजवीकडे कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्या) असते, म्हणून उजवी फ्लँज (हबची स्पोक अडकवायची कड) मध्यरेषेच्या जवळ आणि डावी लांब. समजा उजवी २० मिमीवर आणि डावी ३३ मिमीवर. रिम मधोमध राहायची तर डावीकडचा ताण उजवीकडच्या साधारण २०/३३, म्हणजे ६० टक्केच राहणार, त्याला इलाज नाही. उजवीकडे १२०० न्यूटन ताण दिला तर डावीकडे सव्वासातशे मिळेल, चालेल. पण मशीनवर घाईत बांधलेल्या चाकात उजवीकडेच आठशे-नऊशे असला तर डावीकडे पाचशे. तिथून सगळा घोळ सुरू होतो. तुमच्या चाकाचा ताण कुणाकडून तरी मीटर लावून मोजून घ्या, माझी पैज आहे.

सावकाश_पायडल
वा, इस्कटून सांगितल्याबद्दल आभार. वाखुसा (वाचनखूण साठवली).

हिशेबी
ब्रेकचा हिशोब मी करतो, रविवार आहे. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो धरा, आणि अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा) इतका ब्रेक लावला, म्हणजे बऱ्यापैकी करकचून. जमिनीपाशी जोर ४९० न्यूटन, चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर, म्हणजे हबवर पीळ झाला १६७ न्यूटन-मीटर. हबची फ्लँज मध्यापासून २९ मिमी धरली तर तिथे ५७५० न्यूटन झाले. हे ३२ स्पोकमध्ये वाटले तर प्रत्येकी १८०, २४ मध्ये वाटले तर २४०. निम्म्या स्पोकांचा ताण तेवढा वाढतो, निम्म्यांचा तेवढाच कमी होतो. रिमब्रेकमध्ये हा प्रकारच नसतो, तिथे ब्रेक थेट रिमला लागतो आणि हबवर पीळ येत नाही. म्हणूनच डिस्कच्या चाकात रेडियल, म्हणजे सरळ काड्यांसारखे लावलेले स्पोक चालत नाहीत, एकमेकांना ओलांडणारे, क्रॉस करूनच लागतात.

चाकोरीबाहेर
हिशोब छान आहे पण दादा, तो पुढच्या चाकाचा झाला. करकचून ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं चाक त्याच्या आधीच घसरायला लागतं, चिखलात तर विचारूच नका. त्याचे स्पोक मागचे तुटतायत.

हिशेबी
अरे हो की. सपशेल मान्य. मग मागचं परत करतो. ९४ किलोचा माणूस चढावर पायडलवर उभा राहिला, क्रँक १७२.५ मिमी, तर क्रँकवर १५९ न्यूटन-मीटर. पुढे ४० आणि मागे ३२ दातांचा गिअर असेल तर हबवर येतात १२७. मागच्या चाकाला ब्रेकपेक्षा हे जास्त झालं. आणि गंमत म्हणजे दिशा उलटी. पायडल मारताना जे स्पोक ताणले जातात तेच ब्रेक लावताना सैल पडतात. क्रॉसमध्ये दर पन्नास मीटरवर ब्रेक, वळण, उठून पायडल, परत ब्रेक. म्हणजे निपलचावी म्हणतात त्या उघडझापीत ही आणखी भर.

निपलचावी
तेच. पाचशे न्यूटनच्या डाव्या स्पोकमधून खालच्या भाराचे काही गेले, या पिळाचे शंभर-दीडशे गेले, वर खड्डा आला, की उरलं काय? ब्रेक नुसता निमित्त आहे, रोग ताणाचा आहे.

उतारावरचा_राजा
बरं, पण मग नवीन चाकं घेऊ नयेत का? धागा त्याचा आहे.

निपलचावी
घ्यावीत, २४ स्पोक ९४ किलोला आणि या वापराला कमीच आहेत. पण तोच २४ चा खेळ कार्बनमध्ये खेळायचा तर सोन्याची सुरी झाली म्हणून पोटात खुपसून घेतल्यासारखं. माझं मत असं: मागे ३२, पुढे २८ किंवा ३२, तीन-क्रॉस (प्रत्येक स्पोक वाटेत तीन स्पोक ओलांडतो), वाकणाचेच म्हणजे जे-बेंड स्पोक. आणि मागची रिम जमली तर असिमेट्रिक. भोकं मधोमध नसून ३ मिमी सरकवलेली असली की वरचा हिशोब २०/३३ चा २३/३० होतो, म्हणजे ६० टक्क्यांवरून ७७ वर. बाकी काहीही न बदलता डावीकडचे स्पोक एवढे घट्ट होतात. एवढी फुकटची ताकद दुसऱ्या कशातच मिळत नाही.

पुढच्या चाकालाही डिस्कमुळे थोडं असंच होतं, फक्त बाजू उलटी. रोटरला जागा द्यायला डावी फ्लँज आत येते, त्यामुळे पुढे डावीकडे ताण जास्त आणि उजवीकडे कमी. हीच असिमेट्रिक रिम उलटी फिरवून पुढे वापरता येते.

एकच_टायर
जाड स्पोक घातले तर? सरळ २ मिमीचे, आरपार एकाच जाडीचे. जुने लोक तेच घालायचे.

निपलचावी
सगळ्यांना असंच वाटतं आणि होतं उलटं. डबल-बटेड घ्या, टोकांना २.० आणि मधे १.८. डीटी कंपनीचा ‘कॉम्पिटिशन’ किंवा सापिम कंपनीचा ‘रेस’ हे स्पोक याच मापाचे. मधला भाग बारीक म्हणून तेवढ्याच ताणाला तो जास्त लांबतो, आणि जास्त लांबलेला स्पोक खड्ड्यात पटकन मोकळा पडत नाही, रबरबँडसारखा धरून राहतो. हलणं मधल्या भागात जातं, वाकण सुटतं. ढिल्या बाजूला तर काही बांधणारे मुद्दाम आणखी बारीक, मधे १.५ वाले टाकतात. पण ते निपलसोबत पिळले जातात, नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणि निपल पितळी. ॲल्युमिनियमचे हलके असतात पण चिखल, पाणी, रस्त्यावरचं मीठ यात गंजून रिमला असे चिकटतात की दोन वर्षांनी फिरवायला जावं तर कोपरे गुळगुळीत. वाचतात किती ग्रॅम? दोन चाकांचे मिळून पन्नास सुद्धा नाही.

चाकोरीबाहेर
मी क्रॉसच जास्त चालवते म्हणून त्या बाजूने सांगते. लोक रिम वजनावर बघतात, पण क्रॉसला रिम मरते ती कमी हवेमुळे. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) रेसला टायर ३३ मिमीच्या वर चालत नाही, आणि पकड मिळावी म्हणून हवा तर तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खाली ठेवायची, मग मूळ किंवा दगड आला की टायर दबून थेट रिमच्या कडेवर. ॲल्युमिनियमची कड वाकते, पकडीने सरळ करून सीझन काढता येतो (काढलाय). कार्बनला पोचा पडत नाही, पण तडा गेला की गेली. म्हणून मी म्हणेन की ॲल्युमिनियम, आतून १९ ते २१ मिमी रुंद, कडा जाड, ट्यूबलेस-रेडी. चाळीस-पन्नास ग्रॅम जास्त भरली तर भरू दे. ९४ किलोला तू माझ्यापेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरशील, तरी.

उतारावरचा_राजा
ताई, टायरच्या आत फोमचं इन्सर्ट टाकलं की कार्बनही वाचते. माझी तीन सीझन टिकली आहे. पण मान्य, माझं वजन ६३ आहे आणि मी बॅग घेऊन फिरत नाही.

चाकोरीबाहेर
६३ वाल्याने ९४ वाल्याला चाकं सुचवू नयेत असा नियम करा रे कुणीतरी.

उतारावरचा_राजा
+१ (स्वतःलाच)

चिखलमाखल्या
मीटर लावून मोजून आणला! उजवीकडे सरासरी ८८०, डावीकडे ४७० ते ५६०, आणि एक तर तीनशेच्या खाली. निपलचावी, पैज जिंकलात. आता हब कुठला ते सांगा. रोटर बसवायला सेंटरलॉक की सहा बोल्ट? यावर वाचून डोकं फिरलंय.

निपलचावी
दणकटपणाला दोन्ही सारखेच. सेंटरलॉकला एकच लॉकरिंग, ४० न्यूटन-मीटरला आवळायची, म्हणजे लांब पाना हवा, पण रोटर दोन मिनिटांत निघतो. सहा बोल्टला टी-२५ ची छोटी किल्ली पुरते. सेंटरलॉक हबवर ॲडाप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसतो, उलटं मात्र होत नाही. म्हणून शंका असेल तर सेंटरलॉक.

हबमध्ये बघायचं ते वेगळंच. एक, बेअरिंग बाजारात सहज मिळतात का, कारण क्रॉसमध्ये ती खपणारच. दोन, टोकाच्या कॅप बदलता येतात का, म्हणजे उद्या सायकल बदलली तर चाकं फेकायला नकोत. तीन, फ्रीहबची बॉडी, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते तो भाग. ॲल्युमिनियमची असेल तर जड माणसाच्या जोराने कॅसेटचे सुटे दात तिच्यात रुततात, मग कॅसेट काढायला हातोडी. स्टीलची मिळाली तर घे, नाहीतर कॅसेट अशी घे जिचे मोठे दात एका स्पायडरवर (एकाच सांगाड्यावर) जोडलेले असतात.

सावकाश_पायडल
आणि रेस झाली की प्रेशर वॉशर हबवर मारू नका हो. मी मारायचो. सील असली तरी तेवढ्या जोराचं पाणी आत जातंच, दोन महिन्यांत बेअरिंग जात्यासारखी घरघरायला लागायची आणि मी हब बनवणाऱ्याला शिव्या द्यायचो.

एकच_टायर
माझी डिस्कची आहे पण जुनी, साधी क्विक रिलीज (दांडी उलटवून चाक काढायची), मागे १३५ मिमी. मला हे लागू पडेल का?

निपलचावी
चाकाचं सगळं लागू. कॅप बदलणारा हब घेतला तर आत्ता १३५ आणि पुढे १४२ दोन्ही जमतं. फक्त एक जपा. पुढच्या डिस्कचा कॅलिपर (रोटरवर पॅड दाबणारा भाग) ॲक्सलच्या मागे असतो, ब्रेक लावला की तो चाकाला खाली, फोर्कच्या खाचेतून बाहेरच्या दिशेने ढकलतो. क्विक रिलीज आतल्या कॅमची (आवळणारा भाग आत झाकलेला) आणि स्टीलच्या दांड्याची घ्या, बाहेरच्या कॅमची फॅन्सी हलकी नको. आणि निघताना दर वेळी तपासा. थ्रू-ॲक्सलने ही भानगड मिटवली.

गरगर_गरगर
तयार सेट घ्यावा की हाताने बांधून? हा प्रश्न कुणीच विचारला नाही, सगळे सुट्या भागांवरच काथ्याकूट करतायत.

निपलचावी
गरगर यांनी पहिल्यांदाच मुद्द्याचं काही विचारलं :) तयार सेट वाईट नसतो, पण मालकांचा अनुभव बघा, भाग ठीक असूनही बांधणी ढिली. मी तर म्हणेन मधल्या दर्जाचे भाग आणि चांगला बांधणारा. उलटं करू नये. आणि तयार घेतलाच तरी ताण मोजून, लागेल तसा वाढवून घ्यायचा, रिमवर जी कमाल मर्यादा दिली असेल ती न ओलांडता.

मीटर नसेल तर कानाने. एकाच बाजूचे स्पोक नखाने छेडत जायचं, तंबोऱ्याच्या तारा बघतो तसं. एखादा बद्द वाजला की तो ढिला. डावी बाजू उजवीशी ताडून बघू नका, ताण वेगळा म्हणून सूर वेगळाच येणार.

चिखलमाखल्या
हे मी लगेच केलं. घरातल्यांनी विचारलं काय चाललंय. म्हटलं रियाज.

हिशेबी
=)) =))

चिखलमाखल्या (साडेतीन महिन्यांनंतर)
धागा वर काढतोय, कळवायचं राहिलं होतं. शेवटी चाकं बांधून घेतली. मागे असिमेट्रिक ॲल्युमिनियम रिम, ३२ भोकं, आतून २० मिमी, डबल-बटेड, पितळी निपल, सेंटरलॉक हब. पुढे तीच रिम २८ मध्ये, उलटी फिरवून. बांधताना मी शेजारी बसलो होतो. त्यांनी बांधून झाल्यावर समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून करकचून दाबले, सगळ्या चाकभर, मग परत आऊट काढली, परत दाबले, असं चार वेळा. विचारलं तर म्हणाले वाकण हबवर नीट बसायला पाहिजे, नाहीतर ते काम तुम्ही चालवताना करणार आणि तुमच्या वजनाने वाकडंतिकडं करणार. मोजलं तेव्हा मागे उजवीकडे ११८०, डावीकडे ९०० च्या आसपास. जुन्या चाकाच्या डावीकडे ५०० होते हे आठवून अंगावर काटा आला.

वजन जुन्या सेटपेक्षा १९० ग्रॅम जास्त. मला काही कळलं नाही चालवताना, आणि ज्यांना कळेल त्यांचं वजन ६३ आहे. १७०० किलोमीटर झाले, चार रेस झाल्या, एकही स्पोक नाही. शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा ताण तपासून घेतला, फरक नगण्य.

आता नवीन दुखणं. जुनी चाकं ताण वाढवून पिटमध्ये (रेसमध्ये चाक बदलायच्या जागी) स्पेअर म्हणून ठेवलीत. चाक बदललं की रोटर पॅडला घासतो, खर्र खर्र.

चाकोरीबाहेर
अभिनंदन! दोन हबमध्ये रोटर बसायची जागा केसभर इकडेतिकडे असते. रोटरच्या मागे घालायच्या ०.२ मिमीच्या पातळ चकत्या मिळतात, ज्या चाकाचा रोटर आत बसतोय त्यात एक-दोन घाल, दोन्ही चाकं एकाच रेषेत येतील. कॅलिपरला हात लावू नको. आणि रोटर दोन्हीकडे एकाच मापाचे आहेत ना? १४० आणि १६० ची सरमिसळ केलीस तर चकत्यांनी काही होणार नाही.

चिखलमाखल्या
दोन्ही १६०. चकत्या मागवतो.

एकच_टायर
मीही मागचं चाक बांधून घेतलं तुमचं वाचून. पण काल पहिल्याच फेरीत दोन-तीन किलोमीटर चाकातून टिंग टिंग आवाज येत होता, आणि माझा जीव टांगणीला. मग थांबला. तुटतायत का?

निपलचावी
नाही हो. निपल फिरवताना स्पोकही थोडा पिळला जातो, भार आल्यावर तो पीळ सुटतो, त्याचा आवाज. आऊट एकदा बघून घ्या, सुटताना चाक थोडं इकडेतिकडे झालं असेल. आणि ज्यांनी बांधलं त्यांना सांगा, पुढच्या वेळी निपल पाव फेरा जास्त फिरवून मागे आणत जा.

एकच_टायर
बघितलं, अर्धा मिमी गेलंय डावीकडे. उद्या नेतो.